पिस्तूल घ्यावे की न घ्यावे?



या सदरात आपण घरातल्या गोष्टी बोलत असतो. पोरांची फी, पोरीचे स्थळ, बचत गटाचे हप्ते, म्हाताऱ्यांचे औषधपाणी. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही घरातूनच आलेला आहे. माझ्या भाच्याने विचारलेला प्रश्न आहे आणि त्याच्या व माझ्या बहिणीच्या परवानगीनेच तो येथे मांडतो आहे. नावे देत नाही. नावांची गरजही नाही, कारण असा प्रश्न आज बऱ्याच घरांत कुजबुजला जातो.

भाचा राहतो आमच्या देऊळघाटलाच. एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. रोज संध्याकाळी दुकाना-दुकानातून पन्नास-शंभर रुपये गोळा करायचे, वहीत नोंद करायची, आणि मोटारसायकलवरून बुलढाण्याला जाऊन भरणा करायचा. कमाई बेताची, पण मेहनतीची. गेल्या वर्षी शेजारच्या गावात शेताच्या धुऱ्यावरून आपल्या समाजातील एका म्हाताऱ्या जोडप्याला मारहाण झाली, जातीवरून शिवीगाळ झाली. भाचा त्या वेळी तिथून जात होता. त्याने पाहिले, थांबला, म्हाताऱ्याला दवाखान्यात नेले, आणि पोलिसांत जबाब दिला. गुन्हा दाखल झाला. आता खटला जवळ आला आहे, आणि साक्षीदारांच्या यादीत त्याचे नाव आहे.

पंधरा दिवसांपूर्वी अंधार पडता पडता दोन मोटारसायकली त्याच्या मागे लागल्या. एकाने गाडी आडवी लावली. मारले नाही, पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, "कोर्टात तोंड उघडशील तं पाहून घेऊ."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. बसला आणि म्हणाला, "मामा, तुमी फौजेत होते. मले एक सांगा. लहानसं पिस्तूल घेतलं तं कसं होईल? पॉइंट टू-टू. खिशात मावते, कोनाले दिसत बी नाही. लायसन काढून घेतो, चोरून नाही."

मी सतरा वर्षे महार रेजिमेंटमध्ये काढली. त्यानंतर पेन्शनीवर आल्यावर कितीतरी वर्षे बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा राहिलो. म्हणून पोराला वाटले, मामा लगेच हो म्हणेल. मी लगेच हो म्हणालो नाही, आणि लगेच नाहीही म्हणालो नाही. ज्याला रस्त्यात अडवले आहे त्याला नुसता उपदेश करू नये. त्याची भीती खरी होती. मी म्हणालो, "बस. आपन हिशेब करू." तोच हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

पहिला हिशेब वस्तूचा. पॉइंट टू-टू म्हणजे .२२ बोअर. शाळा-कॉलेजात एन.सी.सी.त ज्या पोरांनी निशाणेबाजी केली असेल त्यांनी याच बोअरची रायफल चालवली आहे. हे काडतूस लहान असते, स्वस्त असते, धक्का कमी देते. त्याला रिमफायर म्हणतात. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मध्यभागी एक वेगळी टोपी असते, तिच्यावर टोचणी आपटली की ठिणगी पडते. रिमफायरमध्ये अशी टोपी नसते. बुडाच्या कडेला जी बारीक घडी असते तिच्यात ठिणगीचा मसाला भरलेला असतो आणि टोचणी त्या कडेवर आपटते. कडेत मसाला सगळीकडे सारखा बसला नसेल तर घोडा दाबूनही काडतूस उडत नाही. मोठ्या काडतुसापेक्षा यात फुसके निघण्याचे प्रमाण जास्त असते. रिव्हॉल्व्हर असेल तर पुन्हा घोडा दाबला की पुढचे काडतूस येते. पिस्तुलात मात्र वरचा भाग हाताने मागे ओढून फुसके काडतूस बाहेर काढावे लागते. मैदानावर उस्ताद पाठीमागे उभा असताना हे जमते. अंधारात, गाडी आडवी लागलेली असताना, हात कापत असताना हे जमेल का, याचा विचार करावा.

दुसरे असे की, नळी जितकी आखूड तितका नेम अवघड. खिशात मावणाऱ्या शस्त्राची मूठ लहान, नेमाची खूण लहान. नेम जरासा हलला की गोळी भलतीकडे जाते. आणि .२२ म्हणजे खेळणे, असे कोणी समजू नये. ही एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊन इजा करू शकते. माणूस मरतो तिने. पण समोरचा जागच्या जागी थांबेलच याची खात्री ती देत नाही. म्हणजे ज्याच्यावर झाडली तो पुढे येतच राहील, आणि जी चुकली ती कोणाच्या अंगणात खेळणाऱ्या लेकराला लागेल, असे दोन्ही होऊ शकते.

दुसरा हिशेब पैशाचा. आपल्या देशात खासगी माणसाला परदेशी पिस्तूल आणण्यावर १९८० च्या दशकापासून बंदी आहे. खेळाडूंसारखे मोजके अपवाद सोडले तर आयात होत नाही. त्यामुळे जुनी विलायती पिस्तुले हातोहात लाखांच्या भावाने फिरतात. सरकारी आयुध कारखान्यांनी काही शस्त्रे नागरिकांसाठी काढली. दिल्लीतल्या २०१२ च्या अत्याचारानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. त्याची किंमत होती १,२२,३६० रुपये. रात्रपाळी करून पायी घरी येणाऱ्या कोणत्या बाईकडे सव्वा लाख रुपये असतात? त्यानंतर 'निडर' नावाचे .२२ चे रिव्हॉल्व्हर आले. वजन अवघे २५० ग्रॅम, किंमत त्या वेळी पस्तीस हजारांच्या घरात. भाच्याच्या डोळ्यांपुढे तेच होते. पण शस्त्राची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. परवान्याची फी, प्रशिक्षण, कुलपाची लोखंडी पेटी, सरावाच्या गोळ्या, दर वेळच्या नूतनीकरणाच्या खेपा, हे सगळे धरावे लागते. सराव न करता शस्त्र बाळगणे म्हणजे पोहता येत नसताना कमरेला दगड बांधण्यासारखे आहे.

तिसरा हिशेब कायद्याचा. हा आपल्या लोकांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण यात आपल्या हक्काच्याही गोष्टी आहेत.

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि त्याचे आताचे नियम २०१६ चे आहेत. परवाना देतात जिल्हाधिकारी. अर्ज करणाऱ्याचे वय २१ पूर्ण हवे. अर्ज गेला की आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. आपल्यावर गुन्हे आहेत का, गरज खरी आहे का, घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय आहे का, हे पाहिले जाते. प्रशिक्षणाचा आणि प्रकृतीचा दाखला लागतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण दाखवावे लागते. "मला हवे आहे" एवढ्यावर ते मिळत नाही. परवाना मिळाला तर आता पाच वर्षांचा असतो.

याच कायद्याच्या १४ व्या कलमात एक वाक्य आहे, ते गरिबाने लक्षात ठेवावे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. शेती नाही, माडी नाही, म्हणून तुला कशाला बंदूक, असे कोणी म्हणत असेल तर ते कायद्याला धरून नाही. नाकारला तर कारण लिहून ठेवावे लागते, मागितले तर साधारणपणे ते द्यावे लागते, आणि अपिलाची सोय आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५ चे आहेत. त्यातला तिसरा नियम सांगतो की, ज्या भागात अत्याचार होण्याची शक्यता आहे असा भाग शासनाने हेरावा. तेथे गरज असेल तर बिगर दलित-आदिवासी माणसांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटले तर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत. म्हणजे आपल्या माणसाने परवाना मागितला तर तो काही जगावेगळी मागणी करत नाही. नियमात ती सोय आहे. ज्याचे घर गावाबाहेर एकटे आहे, ज्याच्यावर आधी हल्ला झाला आहे, ज्याला शस्त्राची सवय आहे, अशा माणसाने ताठ मानेने अर्ज करावा. मी त्याला नको म्हणणार नाही.

पण परवाना म्हणजे गोळी झाडायची मोकळीक नव्हे. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्यात दोन अटी आहेत. सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ होता तर तो हक्क राहत नाही. आणि बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. भाच्याला अडवले त्या दिवशी त्या पोरांनी शब्दांनी धमकी दिली. अंगावर हात टाकला नव्हता. त्याच वेळी खिशातून पिस्तूल निघाले असते तर? कोर्टात उद्या साक्षीदार कोण आणि आरोपी कोण?

मी त्याला हेच विचारले. तो गप्प झाला. त्या जोडप्याला मारणाऱ्यांच्या वकिलाला याहून चांगली गोष्ट कोणती मिळाली असती? साक्षीदारच पिस्तूल रोखणारा निघाला!

आणखी एक बारीक गोष्ट. निवडणूक आली की पोलीस परवानाधारकांना शस्त्रे ठाण्यात जमा करायला सांगतात. गावात तंटे-बखेडे पेटतात ते बहुधा याच दिवसांत. म्हणजे ज्या दिवसांत भीती जास्त, त्याच दिवसांत पिस्तूल ठाण्याच्या कपाटात.

येथे गावठी कट्ट्याचाही विषय काढतो. घाटाखाली, सातपुड्याच्या बाजूने असा माल येतो हे पेपरात आपण वाचतो. "लायसनच्या भानगडीत कशाले पडता, काही हजारात काम होते," असे सांगणारा मित्र भाच्यालाही भेटला होता. माता-पित्यांनो, तरुणांनो, हे स्पष्ट ऐका. विनापरवाना शस्त्र जवळ सापडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि वर दंड. ते वापरले तर किमान तीन वर्षे. जामिनासाठी आईचे मंगळसूत्र, बापाची पेन्शन आणि पोराची नोकरी, तिन्ही जातात. शिवाय असल्या शस्त्राची नळी हातातच फुटते ती वेगळी. ज्याला आपल्याला अडकवायचे आहे त्याला तर फक्त एक फोन करायचा असतो. आपल्या पोराच्या कमरेला कट्टा असणे म्हणजे दुष्मनाच्या हातात दोरी देणे आहे.

चौथा हिशेब घराचा. हा मी केला नाही, माझ्या बहिणीने केला.

आम्ही दोघे बोलत होतो तेव्हा ती आतून ऐकत होती. बाहेर आली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, तुले म्हाईत हाय ना? त्या साली सोयाबीन गेलं, कर्ज झालं, तवा ह्याचा लहाना भाऊ फवारनीच्या औषधाची बाटली घेऊन कोठ्यात जाऊन बसला होता. मी दार वाजवून वाजवून उघडलं. त्या दिवसापासून औषध मी घरात ठेवत नाही. शेजारच्या घरी कुलपात ठेवते. बाटली मी लपवली. आता हे पिस्तूल आनलं तं मी कोठं लपवू?"

भाच्याच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही.

बुलढाणा जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, वर्धा आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले होते. आपल्याकडचे किती संसार औषधाच्या बाटलीने उजाडले, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ज्यांनी त्यातून माणसे परत आणली त्या आया-बहिणींना एक गोष्ट कळलेली असते. वाईट घडी येते आणि निघूनही जाते. त्या घडीला हाताशी काय आहे यावर माणूस राहतो की जातो हे ठरते. बाटली घेतली तर कधी कधी दवाखान्यात पोहोचायला वेळ मिळतो. पिस्तूल तो वेळ देत नाही.

अमेरिकेत घरोघरी बंदुका असतात. तिथे या गोष्टींचा अभ्यासही झाला आहे. १९९३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट होता, आणि मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचाच निघाला. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्यातला मोठा अभ्यास आला. हातात धरायची बंदूक, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचा धोका न बाळगणाऱ्यांपेक्षा सुमारे आठ पट, आणि स्त्रियांत सुमारे पस्तीस पट दिसला. आपला देश वेगळा, आपली घरे वेगळी. तरी माणसाचे मन तेच. शस्त्र आणतो बाहेरच्या माणसासाठी, आणि ते राहते घरातल्या माणसांबरोबर, दिवसाचे चोवीस तास. दारू पिणारा भाऊ, परीक्षेत नापास झालेली पोर, कुलपाची किल्ली कोठे आहे हे माहीत असलेले लहान लेकरू, सगळी त्याच छताखाली.

काही वाचक म्हणतील, "पंचशील घेणाऱ्याच्या घरी हा विचारच का यावा?" मी तसे म्हणत नाही. बुद्धाने उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला हे खरे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक दाखवला आहे. जीव वाचवणे हा गुन्हा नाही आणि पापही नाही. मी स्वतः देशाची बंदूक खांद्यावर वाहिली. आपल्या लोकांसाठी फौजेचे दार इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केले होते. ते पुन्हा उघडून १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, यात बाबासाहेबांचा वाटा होता. तेव्हा शस्त्राला मी शिवाशिव मानत नाही. प्रश्न गरजेचा आहे. या शस्त्राने ही गरज भागते का, एवढेच पाहायचे.

म्हणून मी भाच्याला विचारले, "तुले भीती कशाची हाय? पैसे लुटतील याची, का साक्ष देऊ देनार नाहीत याची?"

तो म्हणाला, "साक्षीची."

मग उत्तर वेगळे आहे. साक्षीदाराला धमकी एकटा-दुकटा देत नाही. मागे गाव असते, पैसा असतो. २००६ चे खैरलांजी आठवा. भोतमांगे कुटुंबातील सुरेखाबाईंनी एका मारहाणीच्या प्रकरणात जे पाहिले ते सांगितले होते. आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी, २९ सप्टेंबरला, जमाव घरावर चालून गेला आणि चौघांचा जीव गेला. त्या जमावापुढे आठ गोळ्यांचे खेळण्याएवढे रिव्हॉल्व्हर काय करणार होते? तेथे उणीव होती ती साक्षीदाराभोवती उभ्या राहणाऱ्या यंत्रणेची आणि माणसांची.

आज कायद्यात त्याची तरतूद आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. पीडित, त्यांचे आप्त आणि साक्षीदार यांना धमकी, दबाव, हिंसा यांपासून संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे असे ते कलम सांगते. साक्षीदाराने धमकीची तक्रार तोंडी केली किंवा लेखी केली तरी ठाणे अंमलदाराने ती नोंदवलीच पाहिजे, आणि एफ.आय.आर.ची प्रत फुकट दिली पाहिजे. विशेष न्यायालयाकडेही संरक्षण मागता येते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला याच कायद्याच्या चौथ्या कलमाखाली शिक्षा आहे. याशिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. तिच्यात घराजवळ गस्त, कोर्टात नेण्या-आणण्यासाठी पोलीस, घराला मजबूत दार व कॅमेरा, साक्षीच्या वेळी आरोपीचा सामना टाळणे, अशा सोयी आहेत. अर्ज करावा लागतो. न मागता काही मिळत नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे.

तेव्हा आम्ही काय केले ते सांगतो. कोणाच्या उपयोगी पडेल.

त्याच संध्याकाळी भाच्याने वहीत लिहून काढले. तारीख, वेळ, जागा, मोटारसायकलींचे रंग, आठवले तेवढे नंबर, बोललेले शब्द जसेच्या तसे. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे मिळून तक्रार द्यायला गेलो. पहिल्यांदा "पाहू, चौकशी करू" असे झाले. आम्ही १५-अ कलमाचा कागद पुढे ठेवला आणि तेथेच बसलो. दुपारी तक्रार घेतली गेली. त्याची प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि सरकारी वकिलांमार्फत विशेष न्यायालयाला दिली. पोच घेतली. पोच नसलेला कागद म्हणजे न दिलेला कागद, हे बँकेच्या दारात उभे राहून मी शिकलो.

भाच्याने कामाचा क्रमही बदलला. आता पैसे दिवसातून दोन वेळा भरतो, अंधाराआधी मोकळा होतो. रोज त्याच वाटेने, त्याच वेळेला जात नाही. शक्यतो दुसऱ्या एजंटाबरोबर जातो. निघताना आणि पोहोचल्यावर आईला फोन. मोबाईलमध्ये ११२ हा पोलिसांचा आणि १४५६६ हा अत्याचारविरोधी मदतीचा नंबर वर ठेवला आहे. धाकट्याला टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिला. मनावर ओझे आले की तेथे फुकट बोलता येते, आपल्या भाषेत.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर मी एवढेच बोललो की, साक्षीच्या तारखेला भाचा एकटा जाणार नाही. अकरा जणांनी नावे दिली. त्यात पाच बाया आहेत.

मला आठवले, २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. त्या गर्दीत फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी जण होते. हातांना शस्त्राची सवय होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, फिर्याद केली, आणि हल्लेखोरांपैकी काहींना कोर्टात शिक्षा झाली. ती माणसे भित्री नव्हती. आपली बाजू कोर्टात टिकली पाहिजे याचे भान त्यांना होते.

पिस्तुलाचे काय ठरले, असे तुम्ही विचाराल. भाच्याने अर्ज भरलेला नाही. मी त्याला म्हणालो, "खटला संपू दे. त्यानंतरही तुले गरज वाटली तं मी स्वतः तुझ्याबरोबर कलेक्टर कचेरीत येतो, आनि नियम तीनचा कागद बी घेऊन येतो. पन त्याच्या आधी धाकटा सावरला पाहिजे, आनि आईनं हो म्हटलं पाहिजे." तो कबूल झाला. मनातली भीती अजून गेलेली नाही. परवा रात्री अंगणात गाडीचा आवाज आला तर दचकून उठला, असे बहीण सांगत होती. भीती एका दिवसात जात नसते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा वही घेऊन बाजारात गेला.

वाचकहो, तुमच्या घरात असा प्रश्न उठला तर पोराला रागावू नका आणि लपूनही राहू नका. त्याला जवळ बसवा. कोणाची भीती, कशाची भीती, किती जणांची, हे विचारा. शस्त्र घरात आले तर ते कोणाकोणाच्या हाती लागू शकते, याची यादी करा. त्या यादीत सगळ्यात दुबळे जे नाव असेल, त्याच्या बाजूने निर्णय घ्या.

साक्षीची तारीख जवळच आहे. सकाळच्या एस.टी.ने आम्ही बाराजण बुलढाण्याला जाणार आहोत. त्या म्हाताऱ्या जोडप्याला वाटेत घेणार आहोत.

जयभीम.